नमुना सतरा

निझव्यात पहाटे साडेपाचला
उंदीरघराचं दार मी खांद्याने ढकलते.
एसीचा घुमारा. ओल्या भुशाचा वास.
बारा पिंजरे, प्रत्येकात पाच.
बाहेर गच्चीगच्चीवर खजूर वाळत घातलाय,
आत फ्रिजमध्ये तपकिरी अर्काची बाटली,
तिच्यावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी:
नमुना सतरा.
नावाची ओळ कोरी.

नाव शम्साने दिलंच नाही.
डोंगरावरून पिकअपमधून आली होती,
मांडीवर गोणपाटात बांधलेलं झुडूप.
म्हणाली, नाव घेतलं की पाल्यातला गुण उतरतो.
डॉक्टर बद्रिया हसल्या.
मी नाही हसले.
देवरुखला भिकू वैदू हेच सांगायचा,
मुळी द्यायचा ती हात पाठीमागे करून.

अर्क पाजायचा, अर्धा तास थांबायचं,
मग ते दुसरं इंजेक्शन, झटके आणणारं.
मग घड्याळ.
आधी मिशा थरथरतात, मग मान,
मग पुढचे पाय हवेत काहीतरी मळत राहतात,
मग उंदीर कुशीवर पडतो.
मी सेकंद लिहिते.
हात थरथरत नाही आता. पहिल्या आठवड्यात थरथरायचा.

मोरू शेणाने सारवलेल्या खळ्यात पडायचा.
कुणी त्याच्या नाकाशी कांदा फोडायचं,
कुणी चप्पल धरायचं,
बाबा त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबायचे,
आणि आई, जिला काहीच करू देत नसत,
उंबऱ्यावर बसून माळ ओढायची.
छत्तीस मणी. कधी चाळीस.
एकदा सगळी माळ संपली होती,
त्या दिवसानंतर बाबांनी तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं.

परवा रात्री खोलीत मी घड्याळ लावलं
आणि आईच्या चालीने मणी ओढले.
छत्तीस मणी म्हणजे बहात्तर सेकंद.
एवढंच?
मला वाटायचं, पडवीतली सावली सरकायची तोवर.

मार्चमध्ये आकडे आले.
नुसतं खारं पाणी मिळालेले साठाव्या सेकंदाला पडले,
सतरावाले एकशे नव्वदाव्या.
मी टेबलावर थाप मारली. मोरूला फोन लावणार होते.
पण बद्रियाबाईंनी सतरावाले उंदीर फिरत्या दांडीवर ठेवले,
आणि ते टपटप खाली पडले, पिकल्या जांभळांसारखे.
पेंगुळले होते.
झोप म्हणजे उपचार नव्हे, त्या म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत बसल्या बराच वेळ.

शम्सा आली शुक्रवारी, बकऱ्यांचा बाजार उरकून.
बुरख्याच्या टोकात हलव्याचा पुडा.
विचारलं तिने, बरे झाले का?
कोण?
उंदीर.

मी माझ्या मोडक्या अरबीत सगळं सांगितलं.
डोस, दांडी, पेंग.
ती ऐकत राहिली, आपलं लेकरू
शाळेत नापास झालं असं ऐकावं तशी.
मग म्हणाली:
झटका थांबवायला मी कधी दिलंच नाही हे.
तो थांबतो आपला आपण, किंवा इस्पितळाच्या गोळीने.
हे नंतर द्यायचं. अंग दुखतं ना, डोळे भिरभिरतात,
जरा झोप लागावी म्हणून.
आणि अर्धी वाटी आईला.

आईला?

ती रात्रभर जागी असते, शम्सा म्हणाली.
तुम्ही हे विचारलंच नाही मला.
तुम्ही विचारलंत, फेफऱ्यावर काय देतेस.

ती गेल्यावर मी वही उघडली.
तारीख, वजन, मात्रा, सेकंद, शेरा.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
त्यात लिहिलं, झटक्यानंतर. रुग्णास.
पुढे जागा नव्हती,
म्हणून समासात, आडवं,
आईसही.

बद्रियाबाई उद्या विचारतील
हे कुठल्या गटात मोजायचं.
मोरू गोळ्या वेळेवर घेतो, चार वर्षं पडलेला नाही.
आई अजून रात्री दोनदा उठते
आणि त्याच्या दाराशी कान लावून उभी राहते.
किती सेकंद,
ते कुणी लिहिलेलं नाही.